मालनवहिनींचे उघडे मणी

नणंदेने भावजयीचं कौतुक करावं अशी आपल्याकडे रीत नाही. नणंदेने डाळीतले खडे काढावेत, आणि खडे नसतील तर डाळच जाड आहे म्हणावं. मीही काही वेगळी नव्हे. तरी आज मालनवहिनींबद्दल चांगलं लिहायला बसले आहे, तेव्हा वाचणाऱ्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मालनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, हिम्मतरावांची बायको. आमची शेतीवाडी परभणीकडे. दादा हैदराबादेत शिकायला आला, शिक्षण अर्ध्यावर सुटलं, आणि विद्यापीठाच्या रसायनशाळेत काचेच्या नळ्या वाकवायच्या, जोडायच्या कामाला तो लागला. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे त्यांचं घर आणि एका भिंतीपलीकडे आमचं. भिंत अशी की वहिनींनी मिरचीची फोडणी दिली की ठसका मला लागायचा.

दादाने हौसेने घरीही एक बत्ती मांडली होती. टेबलावर रॉकेलची जाड वातीची बत्ती, टेबलाखाली पायाने दाबायचा भाता. भाता दाबला की पिवळी ज्योत आडवी होऊन निळी पडायची आणि तिच्यात काच गुळाच्या पाकासारखी मऊ व्हायची. दादाची हौस लवकरच विरली. वहिनी मात्र दुपारची झाकपाक झाली की पदर खोचून त्या बत्तीपुढे बसायला लागल्या, त्या कायमच्याच.

बांगडीवाल्यांकडून त्या रंगीत काचेच्या कांड्या आणत. लोखंडी सळईला चिकणमातीचा हात देत, म्हणजे मणी मागाहून सुटून येतो. कांडीचं टोक ज्योतीत लोंबायला लागलं की ते फिरत्या सळईवर गुंडाळायचं. सळई थांबली की मणी एका अंगाला ओघळलाच म्हणून समजा. असा काळा मणी झाला की त्याच्यावर हस्तिदंती ठिपके, आणि प्रत्येक हस्तिदंती ठिपक्यावर आणखी बारका फिरोजी ठिपका. हे दोन रंग जिथे भेटतात तिथे एक काळपट रेघ उमटते, डोळ्यात काजळ घातल्यासारखी. मी पहिल्यांदा ती पाहिली आणि विचारलं, ही रेघ कशाने ओढलीत?

“मी कुठं ओढली, वन्सं? ते त्यांचं त्यांचं भांडण आहे,” वहिनी म्हणाल्या. “नणंद-भावजय शेजारी ठेवल्या की उमटतेच.”

ठिपके त्या मण्यात पुरते विरघळू देत नसत. बुडखा धरेल एवढाच ताव द्यायचा आणि वर मोहरीएवढा उंचवटा ठेवायचा. मणी अंगठ्याखाली फिरवला की ते एकेक करून बोटाला लागत. ताव कमी पडला तर ठिपका पुढे कधीतरी टवका होऊन उडणार, जास्त झाला तर सपाट होणार. भाता जरा मंदावला आणि धूर झाला तर फिरोजी रंग विटकरी पडणार. दुसरे कारागीर असल्या मण्यावर पारदर्शक काचेचा थर चढवतात. त्याने मण्याला पाण्यासारखी झळाळी येते, ठिपके सुरक्षित राहतात, आणि खालची थोडीफार गडबडही खपून जाते. वहिनी थर चढवत नसत. त्यांचा मणी उघडा, त्यामुळे हाताखालचं सगळं बरंवाईट जगाला दिसायचं.

बेगम बाजारातला एक व्यापारी त्यांचे मणी घ्यायचा आणि दर वेळी तेच तुणतुणं वाजवायचा. “अम्मा, ऊपर से शीशा चढाव ना. गाहकां चमक पूछते.”

“नक्को, सेठ. छुपाने का कुछ हैच नै, तो चढाऊं कायकू?”

मी अनेकदा शेजारी उभी असायची. त्यांचा तो तोरा पाहून मला मनातून फार बरं वाटायचं, आणि वरून मी म्हणायची, “वहिनी, एवढा ताठा बरा नव्हे.”

छप्पन साली ऐन दिवाळीत आमच्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली. तेलुगू मुलूख आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे, आमचा मराठवाडा मुंबई राज्यात. मुलखाबरोबर सरकारी नोकरही वाटले गेले. गल्लीत रोज कुणाच्या ना कुणाच्या दारात टांगा उभा आणि त्यात ट्रंका चढत असायच्या. दादाचं विद्यापीठ जागच्या जागी होतं म्हणून तो सुटला. पण त्याच्या लेकीचं, कुसुमचं, लग्न ठरलं होतं ते भगवंतरावांच्या श्रीनिवासशी, आणि भगवंतराव सचिवालयात. ते आमच्यातलेच, पण दोन पिढ्या शहरात, सरकारी नोकरीत मुरलेले. बाप-लेक दोघांनाही औरंगाबाद मिळालं होतं. तुळशीचं लग्न उरकलं की पहिल्या मुहूर्तावर ह्यांचं लग्न लावायचं आणि मग सगळ्या बिऱ्हाडाने गाडीत बसायचं असं ठरलं. कुसुमला मुलगा मनापासून आवडला होता. तसं ती बोलली नाही, पण त्या आठवड्यात आम्ही आमटी खाल्ली ती बिनमिठाची.

मंगळसूत्रातली एक वाटी सासरची आणि एक माहेरची हे तर सगळीकडेच असतं. आमच्या घरात आणखी एक चाल आहे. माहेरच्या वाटीच्या दोन्ही बाजूंचे दोन मोठे मणीही आईने द्यायचे. वहिनींनी ते कधीच करून ठेवले होते. कुसुमची होणारी सासू, सावित्रीबाई, ते पाहायला आल्या. बाई चांगल्या होत्या, फक्त त्या दिवसांत सारख्या कशाने तरी घाबरलेल्या दिसायच्या.

त्यांनी मणी बोटात फिरवला. “नक्षी लई खूबसूरत आहे, विहीणबाई. पण हे खडबडीत नक्को. वरून जरा काच चढवा ना. माझ्या बहिणीनं मुंबईहून आणलेत, त्यांच्यावर कशी पाण्यासारखी काच आहे. तिकडं सगळी माणसं अनजान. आमच्या सुनेच्या गळ्याकडं बघून कुणी काही बोलायला नक्को.”

मी वहिनींकडे पाहिलं. आता ‘छुपाने का कुछ हैच नै’ येणार असं मला वाटलं. पण वहिनी म्हणाल्या, “बरं. चढवते.” मला इतका राग आला की मी चहा न पिता घरी गेले.

घरात पारदर्शक काच एकच होती, दादाने आणलेले रसायनशाळेतल्या फुटक्या नळ्यांचे तुकडे. दादाने त्यांना सांगितलं, “अगं, ती कडक काच आणि ही बांगडीची मऊ. निवताना दोन्ही सारख्या आकसत नाहीत. आत ताण राहील.”

“मला नाही का ते माहीत?” वहिनी म्हणाल्या. “राखेत भरपूर वेळ ठेवीन. हळूहळू निवतील. पोरीच्या लग्नासाठी एवढं ऐकेल काच.”

काचेशी असलं आर्जवाचं बोलणं त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. नव्या दोन मण्यांवर त्यांनी ती कडक काच मोठ्या मुश्किलीने चढवली आणि गरम राखेच्या मडक्यात ते पुरले. बाहेर निघाले तेव्हा, खोटं कशाला बोलू, सुरेख दिसत होते. ठिपके पाण्याच्या तळाशी असल्यासारखे मोठे आणि तुकतुकीत. फक्त अंगठ्याला काहीच लागत नव्हतं.

मंगळसूत्र ओवायला दोन्हीकडच्या बायका वहिनींच्या घरी जमल्या. दुपारची वेळ, पानसुपारी झाली, हळदकुंकू झालं. काळ्या मण्यांची पोत अर्धी ओवून झाली आणि वहिनींनी ते दोन मोठे मणी सावित्रीबाईंच्या तळहातावर ठेवले. सावित्रीबाईंनी खूश होऊन मूठ मिटली. मुठीतून ‘टक्’ असा आवाज आला. उघडली तर एका मण्याची दोन शकलं झालेली.

“फुटला!” सावित्रीबाईंच्या नणंद पद्मावती ओरडल्या. मंगळसूत्रातलं काही तुटलं-फुटलं तरी आपल्यात तो शब्द कुणी उच्चारत नाही, ‘वाढलं’ म्हणतात. ह्या बाईंनी तो भर सवाष्णींत, खणखणीत आवाजात उच्चारला. नणंदांची जात बदनाम होते ती असल्यांमुळे. “ओवायच्या आधीच फुटला. सावित्रीवहिनी, हा इशारा आहे. अजून अक्षता पडल्या नाहीत, तोवर विचार करा.”

सावित्रीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. कुसुम स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने चौकट घट्ट धरली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, एकीने तर चपला कुठे आहेत ते बघून घेतलं. लग्न मोडतं ते असंच मोडतं, कुणी ‘मोडलं’ म्हणत नाही, नुसतं उठून जातात. माझ्या जिभेवर आलं होतं, तुमच्याच हौसेपायी काच चढवली ना, आता भोगा! वहिनींनी माझं मनगट असं दाबलं की शब्द आत गेला.

“ही माझी चूक,” त्या म्हणाल्या. “मऊ काचेवर मी कडक काच चढवली. ती टिकत नाही हे मला माहीत होतं, ह्यांनीही सांगितलं होतं, तरी चढवली. लग्न नीट पार पडावं म्हणून भ्याले आणि हाताला पटेना ते केलं. ह्यात मुहूर्ताचा दोष नाही, विहीणबाईंचा नाही, आणि माझ्या पोरीचा तर नाहीच नाही. कुणाला बोल लावायचा तर मला लावा.”

एवढं बोलून त्यांनी दुसरा, धड असलेला मणीही उचलून बाजूला टाकला. मग पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत बत्ती पेटवली. आधीचे उघडे मणी डब्यात तयार होते, ते काढून दिले असते तरी चाललं असतं. मी तसं कानात सांगितलंही. “नाही वन्सं,” त्या म्हणाल्या. “ह्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालेला मणी पाहिजे.”

भाता हलू लागला. इतक्या बायकांच्या नजरा पाठीवर असताना त्यांची सळई एकदाही अडखळली नाही. काळा मणी झाला, हस्तिदंती ठिपके बसले, फिरोजी बसले आणि ती काजळाची रेघ आपसूक उमटली. एक बाई नकळत “अगं बाई” म्हणाली. दोन्ही मणी राखेत गेले. आता ते निवेपर्यंत थांबणं आलं. पद्मावतीबाई उठल्या. “वहिनी, चलायचं ना?”

सगळं अडलं होतं ते ह्या एका प्रश्नावर. सावित्रीबाई राखेच्या मडक्याकडे पाहत म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढं. मी मणी घेऊनच येईन.”

कुसुमने चौकट सोडली आणि आत जाऊन चहा टाकला. त्यात साखर घालायला ती विसरली, पण सगळ्यांनी तो गोड मानून घेतला.

चहा पिता पिता सावित्रीबाई बोलत्या झाल्या. “हे मागं औरंगाबादला जाऊन आले ना, दुकानात ‘नक्को’ म्हणाले, तर दुकानदार हसला. बोलला, ही कुठली मराठी? ह्यांनी घरी येऊन हसत सांगितलं, पण मला झोप नाही, विहीणबाई. माझा जन्म इथला, सासूचा इथला. आता मी बोलू कशी तिकडं? म्हणून वाटलं, निदान सुनेच्या गळ्यात तरी सगळं गुळगुळीत असावं, चमकदार असावं.”

“त्यांना हसू द्या,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही आहे तसंच बोला. बोलणं काय, मणी काय, वरून काही चढवलं की आत ताण राहतो. माझं आत्ताच झालं बघा.”

सावित्रीबाई हसल्या. मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. दिवेलागणीला मणी राखेतून निघाले. वहिनींनी ते धुऊन त्यांच्या हातावर ठेवले. त्या कितीतरी वेळ अंगठ्याने एकेक ठिपका चाचपत राहिल्या आणि म्हणाल्या, “मलाही असा एक करून द्या. वरून काही नक्को.”

लग्न झालं. काचीगुड्याहून गाडी सुटली तेव्हा कुसुमच्या गळ्यात ते दोन मणी होते आणि सावित्रीबाईंच्या पोतीत एक.

पुढे बऱ्याच वर्षांनी भगवंतराव गेले. मी औरंगाबादला भेटायला गेले. सावित्रीबाईंचा गळा मोकळा होता, तिकडे पाहवेना. पण कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात तो मणी ओवलेला होता आणि बोलताना अंगठा त्याच्यावरून फिरत होता. मी मुद्दाम विचारलं, अजून ‘नक्को’ म्हणता का?

“हौ! आता तर तो दुकानदारपण म्हणतो.”

मलकपेठेत परत आले तर वहिनी बत्तीपुढेच बसलेल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “मणी पाहिलात? ठिपके?”

“सगळे आहेत, वहिनी. एकही सुटला नाही. फक्त अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालेत. गळ्यातून काढावा लागला, तर त्यांनी तो किल्ल्यांत ओवला.”

वहिनींचा भाता थांबला. इतक्या वर्षांत मध्येच थांबलेला मी पाहिला नव्हता. ज्योत पिवळी झाली, धूर आला, आणि सळईवरच्या मण्याचा फिरोजी रंग आमच्या दोघींच्या देखत विटकरी पडला. वहिनींनी तो मणी फेकला नाही, तसाच राखेत ठेवला. निवल्यावर मी तो मागून घेतला.