खिळ्यांवरचा चतुर

खालच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी पहिल्यांदा माझ्या दाराशी आल्या, तेव्हाच मला संशय आला. थोरली चौथीत, धाकटी पहिलीत. धुरक्यामुळे खाली खेळणं बंद होतं, हे खरं. थोरलीला शाळेसाठी कीटकांचं काहीतरी करून न्यायचं होतं, हेही खरं असावं. पण दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत एवढी घरं असताना, फळीवर खिळे ठोकून दोऱ्याचं चित्र करायला माझंच घर का सुचावं? हे होते तेव्हा त्या कधी वर आल्या नव्हत्या.

"आजोबांचे छोटे छोटे खिळे असतील ना? मम्मी म्हणाली, पक्का असतील," थोरली म्हणाली.

खिळे होते. बाल्कनीतल्या कपाटात, ह्यांनी ठेवले तसेच. पण ते तिच्या आईला कुणी सांगितलं? नागपूरकडची ती बाई. नवरा केंद्र सरकारात नोकरीला. जिन्यात भेटली की "काकू, बऱ्या आहात ना?" एवढंच आमचं बोलणं. आमच्या घरातली कपाटं माहीत असलेला एकच माणूस बाहेर होता, आणि तो गुरुग्रामला राहत होता.

हे गेल्या हिवाळ्यात गेले. तेव्हापासून मुलाचं म्हणणं एकच, की मी गुरुग्रामला त्याच्याकडे राहायला यावं आणि हा फ्लॅट भाड्यानं द्यावा. शेवटी म्हणाला, "वर्षश्राद्धापर्यंत राहा, मग बघू." सरकारी कचेरीतल्या माणसाबरोबर जन्म काढल्यावर 'मग बघू'चा अर्थ कळतो. निर्णय झालेला असतो, सही राहिलेली असते. माझं काही चुकलं, पडले, विसरले, की ती सही होणार. म्हणून मी जपून होते. फोन दुसऱ्या रिंगला उचलायचा, औषधं वेळेवर घ्यायची, आवाज ठणठणीत ठेवायचा.

तरी मुलींना घरात घेतलं. नाही म्हटलं असतं तर तेही कळवलं गेलं असतं.

थोरलीनं चतुर करायचं ठरवलं. धाकटीला कोळी हवा होता.

"कोळी कीटक नसतो, यार. आठ पाय असतात त्याला."

"मग मी दोन पाय कमी करते!"

कागदावर आकार काढला, फळीवर चिकटवला आणि रेषेवर खिळे ठोकायला घेतले. बोटं चेचू नयेत म्हणून कपडे वाळत घालायच्या चिमट्यात खिळा धरायचा, ही युक्ती मी एका पुस्तकात वाचली होती. ती चालली. मग कागद फाडून काढायचा, चतुराच्या पाठीवरच्या खिळ्याला गाठ मारायची, दोरा पंखाच्या कडेपर्यंत न्यायचा, वळसा घालून पुन्हा पाठीकडे आणायचा. सैल सोडला तर लोंबतो. फार ओढला तर खिळा वाकतो.

त्या दर रविवारी येऊ लागल्या. थोरली पाणी प्यायला म्हणून फ्रिज उघडायची आणि जरा जास्तच वेळ उघडा ठेवायची. धाकटी स्वयंपाकघरात हिंडून यायची. संध्याकाळी मुलाचा फोन यायचा आणि त्यात फ्रिजमधल्या दुधी भोपळ्याचा उल्लेख असायचा.

एका रविवारी मी सापळा लावला. थोरलीला सहज म्हटलं, "अगं, गीझर बिघडलाय." धाकटीला वेगळं सांगितलं, "आज मी वाडगाभर शिरा खाल्ला."

संध्याकाळी फोन आला. "आई, इतक्यात साखर तपासलीस का?" आणि थोडं इकडचं तिकडचं बोलून, "गीझर वगैरे चालतोय ना?"

दोन्ही पोचलं होतं. मी "सगळं ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. पुढच्या रविवारी त्यांना दारातूनच परत पाठवायचं ठरवलं. पण थोरली अर्धा चतुर छातीशी धरून आली. दोन पंख झाले होते, दोन नुसतेच खिळे. मी दार उघडं ठेवून तिथेच विचारलं.

"खाली जाऊन काय काय सांगतेस गं?"

ती जराही बिचकली नाही. "मम्मी विचारते ते. आजी जेवल्या का, घर साफ आहे का. मग मम्मी काकांना मेसेज करते."

"मी शिऱ्याचं सांगितलं!" धाकटी म्हणाली. "पण आजी, तुम्ही झूठ बोललात ना? कढई तर एकदम साफ होती."

"पण ते दोन कपांचं मी नाही सांगितलं," थोरली म्हणाली.

"कुठले दोन कप?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"तुम्ही चहाचे दोन कप भरता ना. एक आजोबांच्या खुर्चीजवळ ठेवता. ठंडा झाला की सिंकमध्ये ओतता."

मला वाटत होतं, हे कुणी पाहिलेलं नाही.

"मग का नाही सांगितलंस?"

"वो बताने वाली बात थोड़ी है. आणि काका तुम्हाला घेऊन गेले तर माझे बाकीचे पंख कोण करणार?"

मी त्यांना आत घेतलं. पण दोरा मी बाजूलाच ठेवला. माझं ह्या घरात राहणं आता चौथीतल्या मुलीच्या गप्प बसण्यावर होतं. आज तिला पंख हवे होते. चतुर पुरा झाल्यावर काय? आणि एवढ्याशा मुलीनं माझ्यासाठी आईपासून काही लपवावं, हेही मला बरं वाटेना. मी त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला.

"तुझ्या माणसांनी एक गोष्ट तुला कळवलेली नाही, ती मीच सांगते," मी म्हटलं, आणि कपांचं सांगितलं.

मग तो म्हणाला, "साखर घालतेस त्यात?"

"त्यांना लागायची तेवढी."

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो."

सही करायला येतोय, असं मी समजले. तो आठवडा वाईट गेला.

तो आला तो एकटाच, सूनबाईंना न घेता. धाकटीच्या कोळ्याचे खिळे राहिले होते; थोरलीनं त्याला खिळा चिमट्यात कसा धरायचा ते दाखवलं, तरी त्यानं अंगठ्यावर एक ठोकून घेतलाच. "काका, ध्यान कुठे आहे तुमचं?" धाकटी ओरडली. त्याचं ध्यान खुर्चीकडे होतं. मी नेहमीसारखा चहा ठेवला. लपवायचं आता काही नव्हतं. त्यानं त्या कपाकडे पाहिलं. चतुराचे चारही पंख दुपारपर्यंत भरले. गुरुग्रामचा विषय मी क्षणाक्षणाला येईल म्हणून धरून होते. तो निघाला नाही.

बूट घालता घालता त्यानं मुलींना विचारलं, "आता पुढे काय?"

"मुंगळा. मोठ्ठा!"

"मग खिळे पुरणार नाहीत. मी घेऊन येतो."

घर रिकामं करायचं ज्याच्या मनात आहे, तो त्या घरात खिळे कशाला आणेल? जिन्यात त्याची पावलं ऐकत मी हाच विचार करत उभी होते. त्याला मात्र काही विचारलं नाही. आधी आणू देत.