बेल वाजवलंस काय गो?

परबसाहेब गेल्याचा निरोप आला, तेव्हा मला आधी आठवला तो आदला शनिवार. त्या दिवशी त्यांचा फोन आला नव्हता आणि डबा उघडता उघडता मी म्हणाले होते, "चला, आज सुटलो." तेव्हा ते हॉस्पिटलात होते. मला ठाऊक नव्हतं हे खरं, पण मी चौकशीही केली नव्हती.

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात ते इलेक्ट्रिकल विभागाचे प्रमुख होते, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आमच्या भट्ट्या मध्येच बंद पडल्या तर सगळा माल वाया जातो. म्हणून तिथल्या पुरवठ्याचं अर्थिंग सरळ जमिनीत नाही, करंट अडवून धरणाऱ्या मोठ्या रेझिस्टरमधून केलेलं. एखादी तार कुठं मशीनच्या पत्र्याला टेकली तरी मशीन थांबत नाही, नुसती बेल वाजते. मग दुसरी तार टेकायच्या आत दोष शोधायचा, नाहीतर वाट लागलीच. नियमच आहे तसा. बेल हवी आणि ती ऐकून काय करायचं हे कळणारी माणसं हवीत, तरच मशीन चालू ठेवायची ही सवलत. साहेब उठता-बसता ऐकवायचे, "गप्प बेलवर भरवसा ठेवू नको गो. तीच बिघडलेली असली तर?" म्हणून दर शनिवारी चाचणीचं बटण दाबून ती वाजवून बघायची, ही त्यांची शिस्त.

निवृत्त होऊन दहिसरला घरी बसले, तरी शनिवारी जेवणाच्या सुट्टीत फोन यायचाच. "बेल वाजवलंस काय गो?" आधी बरं वाटायचं, मग कंटाळा यायला लागला... आणि मग मी फोन स्पीकरवर टाकायला लागले. पलीकडून प्रश्न आला की इथं कोणीतरी ओठ हलवून नक्कल करायचं आणि टेबलाभोवती खसखस पिकायची. नकलेची सुरुवात माझीच. बेल मी प्रामाणिकपणे वाजवत होते, पण साहेबांना "तब्येत कशी आहे?" एवढं कधी विचारलं नाही. याची आता फार लाज वाटते.

तेरावं झाल्यावर साहेबांच्या घरी काकूंना भेटायला गेले. माफी मागायची, असं ठरवूनच गेले होते. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "शनिवार म्हणजे त्यांचा सण होता गो. तुम्हां सगळ्यांचं हसणं मलासुद्धा इथं ऐकू यायचं. फोन ठेवला की म्हणायचे, पोरं मजेत आहेत, म्हणजे कारखाना नीट चाललाय."

"हो काकू," मी म्हणाले, "साहेबांचा फोन आला की खूप हसायचो आम्ही."