म्हस दिसंल असा फोटो

फ्लॅश कॅमेऱ्यावरच लावून फोटो काढणारे लोक अडाणी असतात, हे मला इंटरनेटवरच्या एका गुरुजींनी पटवून दिलं. शहाण्या माणसानं फ्लॅश काढून बाजूला स्टँडवर लावायचा, त्याला पांढरी छत्री जोडायची, आणि मग उजेड लोण्यासारखा कसा पडतो ते बघत बसायचं. मी स्टँड आणला, छत्री आणली. कसबा बावड्यातल्या आमच्या घरात आता फक्त लोणी पडायचं बाकी होतं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, या सगळ्या खटाटोपातून एकच गोष्ट हवी होती: त्यांच्या म्हशीचा धड फोटो. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. मालक मोटरसायकलवर पुढे हाका मारत, म्हैस त्याच्या मागे. आबांची म्हैस त्यांच्याशिवाय कुणालाही भीक घालायची नाही. दरवर्षी मी तिचा फोटो काढायचो, आणि दरवर्षी त्यात रंगवलेली शिंगं, दोन चकाकते डोळे आणि मधे नुसता काळोख यायचा.

"ह्यात म्हस कुठं हाय?" आबा विचारायचे.

यंदा शेवटची संधी होती. गुडघ्यांमुळे आबांना धारेला बसवत नव्हतं. घरात धार काढायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे मी होतो, पण मी फ्लॅश शिकत होतो. पाडवा झाला की म्हैस गगनबावड्याच्या पाहुण्यांकडे जाणार होती. तसं ठरवून आल्यापासून आबा जेवताना बोलायचे बंद झाले होते.

पाडव्याला तिन्हीसांजेच्या सुमारास आबांनी तिला भादरून, तेल लावून, मोरपिसं बांधून गोठ्यासमोर उभी केली. मी रुबाबात छत्री उघडली. म्हशीनं छत्री पाहिली आणि स्टँडसकट माझी सगळी विद्या उकिरड्यात घातली. ज्याचा फोटो काढायचा त्याचा आधी विश्वास मिळवा, असं गुरुजी म्हणाले होते. गुरुजींनी बहुतेक आजवर फक्त नवऱ्यामुलींचेच फोटो काढले असावेत.

"आण हिकडं ती बत्ती," म्हणत आबांनी फ्लॅश घेतला आणि ते माझ्या डाव्या बाजूला, जरा लांब जाऊन उभे राहिले. म्हशीनं लगेच मान तिकडे वळवली.

"आबा, तिला कॅमेऱ्याकडं बघू द्या की!"

"तुझ्याकडं कशाला बघंल ती? कधी वैरण टाकलीयास व्हय तिला?"

मुद्दा बिनतोड होता. मी बटण दाबलं.

कडेनं आलेल्या उजेडात तिची तुकतुकीत पाठ, बरगड्या, मानेच्या वळ्या, नाकपुडीवरची ओल, सगळं वेगवेगळं उमटलं. आबांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

"हां. ही माझी म्हस," ते म्हणाले. मला गुरुजींचा राग आला, कारण उजेडाबद्दल ते खरं बोलले होते.

म्हैस गगनबावड्याला गेली. आता तो फोटो मोठा करून सोप्यात लावलाय. शास्त्राप्रमाणे तो चुकलेलाच आहे, कारण म्हशीची नजर चौकटीबाहेर जाते. येणारा प्रत्येकजण हटकून विचारतो, "कुणाकडं बघत्या ओ ही?"

संध्याकाळी धारेची वेळ झाली की आबा उठतात, आणि फोटोच्या डाव्या अंगाला भिंतीला टेकून थोडा वेळ उभे राहतात.