वारलूचे पाय

आमच्या कारखान्याला यंदा चाळीस वर्षे झाली. इतिहासाची पुस्तिका काढायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले, कारण जुने कागद माझ्याच कपाटात असतात. १९८५ साली नांगराचे फाळ, चार वर्षांनी मळणी यंत्र, १९९१ साली पहिला छोटा ट्रॅक्टर. सनावळी एका सकाळीच लिहून झाली. वारलूपाशी मात्र पेन थांबले. त्याच्याबद्दल कपाटात एकच कागद आहे, नेमणुकीचा. त्यावर कामाचे स्वरूप लिहिले आहे : ‘चालणे’.

तो पहिला ट्रॅक्टर आमच्या संस्थापकांनी, नानाजींनी, चामोर्शीजवळ एका बांधीत, म्हणजे पाणी अडवलेल्या धानाच्या शेतात उतरवला. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. घोटाभर पाणी आणि त्यात सगळे आकाश. लाल ट्रॅक्टर ढगांवरून निघाल्यासारखा वीसेक पावले गेला आणि मग सावकाश खाली बसत गेला. शेजारी रेड्यांच्या जोडीने चिखलणी करणारा चोवीस वर्षांचा तरुण म्हणाला, “साहेब, तुमचा टॅक्टर पोहाले आला का?”

तो वारलू. त्याच्याच जोडीने ट्रॅक्टर बाहेर ओढला. नानाजींनी विचारले, “इथं फसेल हे तुला ठाऊक होतं?”

“माह्या पायाले ठाऊक होतं. तुमी पायाले विचारलंच नाई.”

नानाजींनी त्याला कारखान्यात घेतले. काम एवढेच, की अनवाणी बांधीत उतरायचे आणि डोळे मिटून चालायचे. चिखलाखाली एक कडक थर असतो. तो कुठे आहे आणि कुठे नाही, हे वारलूच्या तळव्यांना कळे. नसेल तिथे तो बांबूची खुंटी रोवी. खुंट्या टाळून ट्रॅक्टर चालवायचा, आणि मग इंजिनिअर चाके रुंद करायचे, वजन पुढे सरकवायचे. अशी सात मॉडेले निघाली. चालताना तो झोपेत असल्यासारखा दिसे. बगळे त्याच्यापासून दोन हातांवर उभे राहत, उडत नसत.

मागच्या पावसाळ्यात तो बांधावर बसलेला दिसला. तळव्यात शिंपल्याचा तुकडा रुतला होता, रक्त पाण्यात धाग्यासारखे उलगडत होते, आणि तो निवांत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता.

“वारलूभाऊ, पाय कापला तुमचा.”

दुसऱ्याची वस्तू पाहावी तसे त्याने पायाकडे पाहिले. “शुगरनं खाल्लं, बाबूजी. एक वर्ष झालं, पायाले काईच समजत नाई. कोणाले सांगू नोका.”

“मग सातवा ट्रॅक्टर कसा पास केला?”

“बांधी जुनी होती. आठवणीनं चाललो.”

मी कोणाला सांगितले नाही. ते चुकलेच.

यंदा ऑगस्टमध्ये आठव्या मॉडेलची शेवटची चाचणी ठरली, सर्वांत हलक्या ट्रॅक्टरची. बांधी नवीन होती, बुजलेल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या काठची. तिथे वारलूचे पाऊल कधी पडले नव्हते. मागची चाके खोल रुतली की छोटा ट्रॅक्टर पुढून उभा राहतो आणि चालवणाऱ्यावर उलटतो, हे आमच्याकडे सर्वांना माहीत आहे. चालवणार होता धनराज; सातवाही त्यानेच चालवला होता. आदल्या दिवशी मी वारलूला म्हणालो, “तुम्ही सांगा, नाही तर मी सांगतो.”

“पाहू,” तो म्हणाला.

सकाळी तो बांधीत उतरला. डोळे मिटलेले, चाल तीच. दहा पावलांवर त्याने एक खुंटी रोवली आणि तो तिथेच उभा राहिला. धनराज सीटवरून ओरडला, “वारलूभाऊ, झोप लागली का? गादी आणू?” बांधावर हशा झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वारलूने डोळे उघडले.

“धनराज, उतर खाली. माहे पाय मेले. हे खुंटी मी अंदाजानं गाडलो.”

धनराजने इंजिन बंद केले. पाण्यावरचा आवाज बराच वेळ विरत राहिला. “मागच्या खेपेले बी?”

“मागच्या खेपेले बी.”

धनराज खाली उतरून चाकाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “माह्या बायकोले सांगू नोको. तुलेच गाडन ते खुंटीसारखं.”

“सुकरीले बलावा,” वारलू म्हणाला.

सुकरी त्याची बायको. पलीकडच्या बांधीत बायांसोबत रोवणा करत होती. चाळीस पावसाळे तिचे पाय चिखलात आहेत, आणि इतक्या वर्षांत तिला कोणी काही विचारले नव्हते. हातातली धानाची रोपे तशीच घेऊन ती आली, चार पावले चालली आणि वारलूची खुंटी उपटली. “इथी काऊन गाडलं? इथी तं खाली सडकेवानी कडक हाय.” मग सात हात पुढे जाऊन तिने ती रोवली. “बोडीचं तोंड हे इथी.”

धनराज तिच्याकडे पाहूनच सीटवर चढला. ट्रॅक्टर खुंटीला वळसा घालून गेला, ढग मोडत, आणि त्याच्या मागे ढग पुन्हा जुळत गेले. तो बसला नाही.

वारलू बांधावर पाय पाण्यात सोडून बसला होता. पुस्तिकेत काय लिहू, असे मी विचारले.

“सुकरीचं नाव लिवा. माह्या नावाच्या वरतं.” त्याने पाण्यातल्या पायांकडे पाहिले. “बाबूजी, पानी थंड हाय का?”

मी बूट काढले, मोजे घडी करून त्यांत ठेवले आणि पाय पाण्यात सोडले. “वर कोमट आहे,” मी म्हणालो. “खाली थंड.”

“तसंच रायते,” वारलू म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.