बाळकृष्ण दिंडोशीला परत गेला

रविवारी सकाळी आमचे थोरले भाऊजी आणि वहिनी जग फिरून दिंडोशीच्या घरी परतले. भाऊजी रिटायर झाल्यावर दोघांचं ठरलंच होतं, गुडघे चालताहेत तोवर बघून घ्यायचं. सात महिने फिरत होते...

ते सात महिने त्यांचे देव आमच्याकडे, जोगेश्वरीला होते. बंद घरात देव बिनपूजेचे ठेवत नाहीत, म्हणून.

देव मूळचे सासूबाईंचे. रांगता बाळकृष्ण, कुलदेवीचा टाक आणि पितळेची छोटी घंटा. आमच्यात देव थोरल्याच्या घरी जातात. धाकट्यांकडे, म्हणजे आमच्याकडे, गणपतीची तसबीर आणि माझी माहेरची अन्नपूर्णा. त्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. पण लग्न झाल्यापासून सणावाराला दिंडोशीला जायचं, हात जोडायचे आणि प्रसाद घेऊन परत यायचं, एवढंच माझ्या वाट्याला होतं.

आणि एकदम बाळकृष्ण माझ्या हातात! रोज आंघोळ, गंध, तुळस, लोणी-साखर. जुन्या ब्लाउजांचे काठ मी कधी टाकत नाही, त्याचे झगे शिवले. थंडीत उरलेल्या लोकरीचं टोपडं विणलं. आमचे हे चिडवायचे, "मुलांचे एवढे लाड नव्हते हं केलेस."

मी म्हणायचे, "मुलं ऐकत कुठे होती? हा बघा, ठेवला तिथे राहतो."

पूजा झाली की फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायचे. कधी इजिप्तहून, कधी जपानहून भाऊजींचे जोडलेले हात यायचे. एकदा नॉर्वेहून वहिनींचा व्हॉइस मेसेज आला, "सुमन, इथे थंडीनं वाट लागलीय आमची. त्याला टोपडं घातलंस, माझ्याकडे कोण बघणार गं?" किती हसलो आम्ही...

पण खरं सांगते, मनात एक इच्छा धरून बसले होते. परत आल्यावर वहिनी स्वतःहून म्हणाल्या, राहू देत तुझ्याकडेच, तर? देवासमोर बसूनच हा विचार यायचा, आणि त्याच्याचसमोर लाजही वाटायची. मागायचं तर नाहीच, हे पक्कं होतं.

त्यात माझा स्वभाव हिशेबी. शेजारून वाटीभर काही आलं तरी दुसऱ्या दिवशी त्या वाटीत काहीतरी घालून ती परत गेलीच पाहिजे. रविवारी दुपारीच मी देव तांदळाच्या डब्यात नीट बसवले. झगे, टोपडं, घंटा सगळं पिशवीत भरलं.

"अगं, त्यांना जरा झोपू तरी दे. देव काय पळून चाललेत?" हे म्हणाले.

मी ऐकलं नाही. उद्यावर टाकलं तर माझ्याच्यानं देववणार नाहीत, अशी भीती वाटत होती. एरवी मी बसनेच जाते, पण मांडीवर देव... रिक्षा केली.

वहिनींनी दार उघडलं. डोळे झोपेनं जड, हॉलभर बॅगा पसरलेल्या. माझ्या हातातला डबा बघून थबकल्या. "आजच घेऊन आलीस?"

"ज्याचं त्याच्याकडे गेलेलं बरं, वहिनी."

"फार त्रास झाला का गं?"

आता रडू फुटेल, म्हणून मी हसले आणि घाईनं म्हणाले, "त्रास कसला... पण जबाबदारी मोठी हो. सुटले बाई!"

वहिनी काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात आतून भाऊजी आले. त्यांनी डब्यातून बाळकृष्ण अलगद उचलला, तांदूळ झटकले आणि छातीशी धरला. एवढं जग बघून आलेला माणूस... डोळ्यांत पाणी.

गुरुवारी वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "एक सांगू? विमानात आमचं ठरलं होतं, देव आता सुमनकडेच राहू देत. फोटोत बघतच होतो की, किती मनापासून करतेस. आणि आमचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. दारातच सांगणार होते तुला. पण तू म्हणालीस, सुटले. मग म्हटलं, कशाला तुझ्या गळ्यात मारायचे?"

मी विचारलं, "आणि आता?"

"आता हे ऐकताहेत होय! सकाळी उठून स्टुलावर बसतात आणि तासभर पूजा करतात. म्हणतात, सगळीकडे फिरून आलो, आता याला सोडून कुठे जाणार नाही."

"बरंच झालं की, वहिनी. देव कुठेही असले तरी सारखेच," मी म्हणाले... पुन्हा तेच. मनात एक आणि तोंडावर एक.

तेव्हापासून चुटपुट लागून राहिलीये. सकाळी हात आपोआप लोण्याच्या वाटीकडे जातो. चांगलं वागायची मला एवढी काय घाई झाली होती, कळत नाही. एक दिवस थांबले असते... निदान दारात उभी राहून रडले असते, तरी चाललं असतं.

काल दोरीवरचे कपडे काढताना नॅपकिनखाली बोटभर हिरवा झगा सापडला. रविवारी धुऊन वाळत घातलेला, पिशवीत भरायचा राहून गेला. तो घडी करून अन्नपूर्णेच्या पायाशी ठेवलाय.

वहिनी, तुम्ही हे वाचालच. फोनवर जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं. मी सुटले नव्हते हो... आणि एक झगा माझ्याकडे आहे. मागितलात तर देईन, पण या वेळी लगेच नाही.