विभूती लावलेली फोनची पेटी

शिवा, आज लगेच फोन ठेवू नको. जवळ बसलायस असं समज, कान धरू दे आधी. आईला फोन करतोस आणि "गोळ्या घेतल्या का, जेवलीस का" एवढं विचारून ठेवतोस, असं कुठं असतं का रे? अप्पांचे विधी करून मेलबर्नला गेलास तो गेलासच. कोपऱ्यातली ती पेटी नजरेला पडेल म्हणून येत नाहीस, मला काय कळत नाही?

मी तुझ्यासोबत मेलबर्नला निघाले ती सकाळ अजून डोळ्यासमोर आहे. तुझे अप्पा रिक्षापर्यंत आले, स्टँडवर आले नाहीत. "माझा जन्म दालमिलीत गेला, तिकडं येऊन काय करू? तू जा, नातीला बघ. मी हितं हाय." मग रिक्षावाल्याला बजावलं, खड्डे बघून चालव. एवढाच आमचा निरोप.

तुझ्याकडं सगळं होतं. हीटर होता, भांडी घासायचं मशीन होतं, बागा होत्या. अंबाडी तेवढी मिळायची नाही. किती कुरकुर केली मी त्या भाजीसाठी.

अप्पांनी मोबाईल कानाला लावलाच नाही. डब्यात माणूस कोंडल्यावानी आवाज येतो म्हणायचे. म्हणून तू निघायच्या आधी घरच्या जुन्या फोनला ती पेटी जोडलीस, इंटरनेटवरून बोलता यावं म्हणून. तू तिला गेटवे म्हणायचास, आम्ही पेटी. रोज सकाळी चहा झाला की त्यांचा फोन यायचा. मेलबर्नला तेव्हा दुपार असायची.

मग आली खंडेनवमी. तराजू, विळी, अडकित्ता मांडला तशी त्यांनी पेटीही पूजेला मांडली. पुसली, विभूतीचे पट्टे ओढले. विभूती एका बारक्या भोकात गेली, ती टाचणीनं कोरून काढली. त्या भोकात सगळं पुसून टाकायचं बटन आहे, हे त्यांना काय ठाऊक? तू भरलेले आकडे गेले. फोन मुका झाला.

अप्पांच्या शेजारच्या मन्मथनं लॅपटॉप पेटीला जोडला, आणि तू मेलबर्नहून त्यावरून ते परत भरायला बसलास. मी बाजूलाच भाजी चिरत होते, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं. पेटीला दोन इंटरफेस, म्हणजे दोन वाटा, एकावरून रिंग जाते, दुसऱ्यावरून बोलणं. दोघांना आपापला आयपी पत्ता, मास्क आणि बाहेर पडायचं दार द्यायचं, त्या दारालाही तू गेटवेच म्हणालास. पहिला झाला, रिंग वाजली, आपण हसलो. तेवढ्यात मन्मथची गाडी निघाली, लॅपटॉपसकट, दसऱ्याला मुरुडला, सासुरवाडीला. दुसऱ्यावर, पेटी बनली त्या कारखान्यात घातलेला पत्ता तसाच राहिला. पेटी तोच पत्ता सांगायची, आणि आपला आवाज भलतीकडंच जायचा. अप्पांचं मात्र आपल्याला नीट ऐकू यायचं. मन्मथ आला की करू, म्हणालास. दुसरं काय करणार होतास? जाताना मन्मथ अप्पांना सांगून गेला, काकूला ऐकू येतंय, तुम्ही बोला.

आता तुला ठाऊक नाही ते सांगते. तू ऑफिसात असताना फोन यायचाच. पहिल्यांदा हॅलो हॅलो करून थकले, मग हसले. म्हणाले, "बरं झालं. जन्मभर तू मधीच तोडलंस मला. आता ऐक." आणि तुरीच्या भावापासून नळाच्या पाण्यापर्यंत बोलत राहिले. मी इकडून ओरडत होते, अहो, मी आहे, ऐकतेय. नातीनं कान झाकून घेतले.

शेवटचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज खाली होता. "अडकित्ता सापडंना की मी मोठ्यानं तुलाच विचारतो. मग ध्यानात येतं. लई करमंना गेलंय. मी ये म्हणत न्हाई. पण येणार असशील तर, मी ठेवल्यावर दोनदा रिंग देऊन तोड. न्हाई दिलीस तरी राग न्हाई."

मी दोनदा वाजू दिली आणि तोडली.

तू घरी आलास की तिकीट काढायला सांगणार होते. तू बूट काढत होतास, तेव्हाच मन्मथचा फोन आला. मुरुडहून परतल्यावर आधी अप्पांकडं डोकावला होता तो. अप्पा खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते.

आपण आलो तेव्हा तू माणसांत होतास. मी गच्चीवर गेले, तर माझी गादी उन्हात टाकलेली. खाली स्वयंपाकघरात ताटात अंबाडी, निवडून ठेवलेली, सुकून गेलेली. अंबाडी त्यांना कधी आवडली नाही. दोन्ही रिंगा पोचल्या होत्या रे. मेलबर्न म्हणजे मुरुड वाटलं का काय त्यांना, संध्याकाळच्या एसटीनं उतरेन म्हणून?

मग मी इथंच राहिले. दुसरा इंटरफेस तू जायच्या आधी नीट केलास, डोळे पुसत. आता दोन्हीकडचं लख्ख ऐकू येतं, आणि आपण दोघं गोळ्यांचं बोलतो. माझं न बोललेलं त्यांना कळलं होतं, मग तो अर्धा राहिल्याचा तुझ्यावर कसला दोष?

भिंतींना मी आता घर म्हणत नाही. कुणीतरी आपली गादी उन्हात घालतं, तेवढंच घर. मला ते एका दुपारपुरतं मिळालं, आणि मी तिथं नव्हते.

तुझी गादी आज गच्चीवर टाकलीय. लवकर ये बाळा, नातीला घेऊन ये. तोंडानं बोलवत नसेल तर बोलू नको. दोनदा रिंग दे आणि तोड.