पाठीसाठी राखलेले राळे

नवा जिल्हा झाला आणि मला लातूरच्या कचेरीत टेबल मिळालं. टेबलाबरोबर थोडी मस्तीही चढली, हे आज कबूल करायला हरकत नाही. त्याच सुमारास वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टर म्हणाले, "आता फार दिवस नाहीत, घरीच सांभाळा." मी त्यांना गावाहून क्वार्टरवर आणलं.

चौथ्या दिवशी शिरूर अनंतपाळहून आत्या एसटीने आली, सोबत राळ्याचं पोतं. राळे म्हणजे मोहरीएवढे गुळगुळीत दाणे. जुन्या धोतराच्या खोळीत तिने ते खेळते राहतील इतपतच भरले आणि भावाला त्यावर निजवलं. अंग हललं की दाणे सरकत, एका जागी भार राहत नसे. आमच्या घरातली अंथरुणाला खिळलेली माणसं याच राळ्यांवर शेवटपर्यंत निजली होती. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, पण आत्याने या पोत्याला हात लावू दिला नाही. "हे पोटासाठी न्हाई, पाठीसाठी हाय," म्हणायची.

मला मात्र लाज वाटली. भेटायला साहेब येणार, आणि वडील धान्यावर! मी फोमची गादी आणली.

"लेका, त्याच्यात अंग रुततंय, घाम साचतोय. पाठ जाईल त्याची."

"आत्या, हे लातूर आहे," मी म्हणालो. तेवढ्यावर भागलं नाही. खोळ उसवून राळे शेजारच्या कोंबड्यांना घातले. आठवलं की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. तिने पिशवी उचलली. "हाव, तुजं घर हाय," एवढंच बोलून गेली.

पंधरा दिवसांत वडिलांच्या पाठीला जखम झाली. मलमं झाली, पावडरी झाल्या, काही उपयोग नाही. राळ्यांसाठी लातूरचा अडत बाजार पालथा घातला, औशालाही जाऊन आलो. "राळं? कोन पेरतंय आता?" म्हणून अडते हसले. शेवटी मान खाली घालून आत्याला आणायला गेलो.

ती आली. राळ्यांचं विचारलंही नाही. खाली बसून तिने तळहात वडिलांच्या कमरेखाली सारला आणि बोटं हळूहळू हलवत राहिली. त्यांचं कण्हणं थांबलं. हाताला मुंग्या आल्या की ती हात बदलायची. दुपार टळली तेव्हा मी म्हणालो, "आत्या, ऊठ. घडीभर मी हात देतो."

वडिलांची जीभ अर्धीच वळायची, पण हे शब्द स्वच्छ आले.

"न्हाई. तू नगं."

आणखी दोन दिवस ते होते. आत्या जेवायलाही उठली नाही, आणि मी दाराशी उभा राहिलो.